टाळी दोनवर

मुलगा अमेरिकेत असला की आईबापांनी एकदा तरी तिकडे जाऊन सहा महिने काढायचे, हा आपल्याकडे आता सोळा संस्कारांच्या पुढचा सतरावा संस्कार झाला आहे. आमचा तो गेल्या वर्षी पार पडला. चिरंजीव शिकागोजवळ नेपरव्हिल नावाच्या गावी राहतात. गाव इतकं स्वच्छ, शांत आणि नीटनेटकं की तिसऱ्या दिवशी मला कुणाशी तरी भांडावंसं वाटायला लागलं. पण भांडायला रस्त्यावर माणूसच दिसेना. महिन्याभरात तलाव पाहून झाला, उंच इमारती पाहून झाल्या, त्या उंच इमारतींवरून पुन्हा तलाव पाहून झाला. शेवटी एका शनिवारी चिरंजीव म्हणाले, "बाबा, आज तुम्हाला गाणं ऐकायला नेतो. आई, तूही चल."

इथे माझी थोडी ओळख करून द्यायला हवी. मी बँकेत नोकरी केली ती पोटासाठी, पण एका साप्ताहिकात बारा वर्षं संगीतसमीक्षा लिहिली ती पोटासाठी नव्हे. मिळणारं मानधन पाहिलेला कोणीही हे शपथेवर सांगेल. 'घरंदाज', 'निकोप', 'लयीची अंगभूत जाण' हे शब्द मी इतके वापरले की छापखान्यातला जुळारी माझ्या लेखासाठी ते आधीच जुळवून ठेवत असे म्हणतात. तेव्हा गाणं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे दोन तंबोरे आणि पांढरी बैठक उभी राहिली. मी झब्बा घातला, वर जाकीट चढवलं आणि खिशात आठवणीने सुपारीची डबी टाकली. चिरंजीवांनी पाहिलं, पण काही बोलले नाहीत. त्यांचं मौन मला गाडीतून उतरल्यावर समजलं.

आम्ही उतरलो ते शिकागोच्या उत्तर भागातल्या एका बारपुढे. दारावर निळा दिवा, आणि त्याखाली उंच स्टुलावर एक गृहस्थ. गृहस्थ म्हणजे गोदरेजचं कपाट. त्याने माझ्याकडे वयाचा पुरावा मागितला. एकवीस वर्षांखालच्याला आत सोडत नाहीत म्हणे. मी अडुसष्ट वर्षांचा, आणि डोक्यावरचे उरलेले केस पोस्टमनलासुद्धा मोजता येतील असे. पण कपाट हटेना. शेवटी सौ.च्या पर्समधून दोघांचे पासपोर्ट निघाले, त्याने टॉर्च मारून जन्मतारखा वाचल्या, आणि वजनमापे खात्याने तराजूवर मारावा तसा आमच्या मनगटांवर एकेक शिक्का मारला. माणशी पंधरा डॉलर. "म्हणजे तिघांचे जवळजवळ चार हजार रुपये!" सौ.चा गुणाकार दारातच पूर्ण झाला. पण तिचा चेहरा मात्र खुलला होता. "अहो, मला एकवीसच्या आतली समजला की काय मेला?"

आत शिरल्यावर मला गिरगावातल्या जुन्या खाणावळीची आठवण झाली. तशीच चिंचोळी, लांबोळकी जागा, तसंच खाली आलेलं छत, आणि टेबलं अशी चिकट की कोपर टेकवला तर परत मिळेल याची खात्री नाही. भिंतीवर दिवंगत वादकांचे फोटो. नुसते हार घालायचे राहिले होते. मुतारीचं दार नेमकं रंगमंचाला लागून, त्यामुळे निकडीच्या कामाला निघालेला प्रत्येक माणूस गिटारवाल्याच्या कोपराला चाटूनच जायचा. धूर मात्र नव्हता. इलिनॉय राज्यात 2008 पासून बारमध्ये विडीकाडी बंद आहे. जुने लोक म्हणतात की त्यामुळे गाण्याची मजा गेली. आपल्याकडेही तंबाखू सुटल्यावर अमक्या बुवांचा आवाज लागेनासा झाला असं सांगणारे लोक आहेतच. मी जिंजर एल घेतलं, सौ.ने संत्र्याचा रस घेतला. चिरंजीवांनी काय घेतलं ते मी पाहिलं नाही. बापाने काही गोष्टी पाहायच्या नसतात.

आता गाण्याकडे वळतो.

रंगमंचावर पाचजण आले. गिटार घेतलेला आणि तोच गाणारा एक सत्तरीचा काळा गृहस्थ, डोक्याला हॅट, अंगात इस्त्रीचा सूट. एक बासगिटारवाला, एक ड्रमवाला, एक पियानोसारखी पेटी वाजवणारा आणि एक माउथऑर्गनवाला. आपल्याकडे तंबोरे जुळवण्यात जो अर्धा तास जातो आणि ज्यात श्रोत्यांची गावाकडची खबरबात विचारून होते, तो प्रकारच नाही. म्हाताऱ्याने दोन तारा छेडल्या, मागे वळून पाहिलं, एक-दोन-तीन-चार म्हटलं, आणि खोलीच सुरू झाली. खोली सुरू झाली असंच म्हणायला हवं, कारण माझ्या खुर्चीचे पाय, जिंजर एलमधला बर्फ आणि दाढेतलं नवं सिमेंट हे सगळं एकाच लयीत हलायला लागलं.

पाचदहा मिनिटं मी समीक्षकाच्या चेहऱ्याने बसलो. मग हळूहळू हिशेब लागायला लागला. चार-चार मात्रांची बारा घरं. पहिली चार घरं षड्जावर उभी. मग मंडळी दोन घरं मध्यमावर जाऊन येतात, दोन घरं परत षड्जावर विसावतात, मग पंचम, मध्यम आणि पुन्हा घरी. शेवटच्या दोन घरांत एक छोटा वळसा असतो, तो तुम्हाला अलगद उचलून पुन्हा पहिल्या घराच्या उंबऱ्यावर ठेवतो. आपण मुखडा पकडून समेवर येतो त्यातलाच प्रकार. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. ओळ संपली की गायक थांबतो आणि गिटार त्याला जबाब देते. गंधार तर असा लावतात की तो ना कोमल ना शुद्ध. दोघांच्या मध्ये कुठेतरी दुखऱ्या जागी बोट ठेवल्यासारखा. आमच्या साप्ताहिकात मी याला 'श्रुतींचं सूक्ष्म भान' म्हटलं असतं. म्हातारा बहुधा काहीच म्हणत नसावा.

आणि गाण्यातले विषय तरी काय! बायको निघून गेली, भाडं थकलं, गाडी सुटली, मालकाने कामावरून काढलं. आपल्याकडे एवढं झालं तर माणूस वर्तमानपत्राच्या संपादकाला पत्र लिहितो. हा गृहस्थ हसत हसत सांगत होता, आणि ऐकणारे प्रत्येक ओळीला "हो बाबा, खरं आहे!" अशा थाटात ओरडत होते. कीर्तनात बुवांनी निरूपणात चार पावलं पुढे टाकली की मागून टाळकऱ्यांचा हुंकार येतो, अगदी तसं.

इथे माझी फजिती झाली ती सांगतो. लोक टाळ्या धरायला लागले. ताल कळतो हा माझा जन्माचा अभिमान. मीही टाळी धरली, अर्थातच समेवर, पहिल्या मात्रेला. खोलीतल्या शंभर माणसांची टाळी पडायच्या आधी माझी एकट्याची पडायला लागली. मला वाटलं, हे लोक चुकताहेत. मी आणखी जोरात धरली. शेजारच्या टेबलावरच्या एका जाड्या बाईंनी मायेने माझे दोन्ही हात धरले, एक मात्रा जाऊ दिली, आणि दुसरीवर माझी टाळी माझ्याच हातांनी वाजवून दाखवली. या संगीतात टाळी दोनवर आणि चारवर! पहिली मात्रा जड असते, पण ती पायाने घ्यायची, हाताने नाही. पन्नास वर्षांची सवय अशी सुटते थोडीच? बाईंनी हात सोडले की मी पुन्हा एकवर. आणि सौ., जिचा लयीशी संबंध कुकरच्या शिट्ट्या मोजण्यापुरता आहे असं मी समजत होतो, ती पहिल्यापासून बिनचूक दोन-चारवर टाळ्या देत होती. मी खालच्या आवाजात विचारलं, "तुला हे कसं जमतं?"

"अहो, अलबेला नाही का पाहिलात?" ती म्हणाली.

हे मात्र बिनतोड होतं. 1951 सालचा अलबेला. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर. नाचणारा भगवान पालव, गिरणी कामगाराचा मुलगा, आणि स्वतःही कामगारी केलेला. आणि वाजवणाऱ्यांत चिक चॉकलेट नावाचा गोव्याचा ट्रम्पेटवाला, ज्याला मुंबईचे लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. ताजमहाल हॉटेलात साहेबांना जाझ ऐकवून झाला की हीच गोवेकर मंडळी सकाळी स्टुडिओत येऊन आपल्या सिनेमांची गाणी वाजवायची. आणि तो खरा लुई आर्मस्ट्राँग 1922 साली न्यू ऑर्लिन्सहून निघाला तो कुठे? याच शिकागोला. म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत आपण सगळे भगवानदादांसारखे खांदे उडवत जातो, तेव्हा त्या खांद्यांत या गावाचं थोडंसं पाणी असतं. हे बायकोला सिनेमा पाहून कळलं आणि मला समीक्षा लिहून कळलं नाही.

पहिला डाव संपला. हो, डावच. हे लोक पाऊण तास वाजवतात, मग विश्रांती घेतात, आणि रात्री उशिरापर्यंत असे तीन-चार डाव होतात. विश्रांतीत एक पत्र्याची बादली टेबलाटेबलावर फिरली. आपल्याकडे आरतीचं तबक फिरतं तशी. लोक डॉलर टाकत होते. शेजारच्या टेबलावर लग्न ठरलेली एक मुलगी मैत्रिणींच्या घोळक्यात, डोक्यावर कागदी मुकुट घालून आली होती. तिने बादलीत नोट टाकून एक फर्माईश केली: शिकागो गावाच्या नावाचं ते सुप्रसिद्ध गाणं. रॉबर्ट जॉन्सनने 1936 साली ध्वनिमुद्रित केलेलं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटलं ते मी ओळखलं. मैफल रंगात आलेली असताना मागून कुणीतरी "बुवा, जोहार मायबाप होऊ द्या!" म्हणून ओरडतो तेव्हा बुवांच्या चेहऱ्यावर हेच उमटतं. पुढच्या डावात त्याने ते गाणं म्हटलं. गेली चाळीस वर्षं रोज रात्री म्हणत असावा. पण कुठे आळस नाही की टाळाटाळ नाही. तिसऱ्या ओळीला त्याने आवाज असा काही खाली आणला की मुकुटवाली मुलगीसुद्धा बोलायची थांबली.

आता टीका करायलाच हवी, नाहीतर सवय मोडेल. दुसऱ्या डावात म्हाताऱ्याने एका तरुण पोराला गिटार घेऊन वर बोलावलं. पोरगा तयारीचा. बोटं अशी पळत होती की मोजायला मुनीम ठेवावा लागेल. एका घरात चाळीस सूर. लोकांनी छपराला हात लावले. मला मात्र आपल्याकडच्या त्या तरुण गवयांची आठवण झाली, जे तिसऱ्या मिनिटाला द्रुत तानांवर येतात आणि नंतर पाऊण तास त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. त्यानंतर म्हाताऱ्याने वाजवलं. तीन सूर. मग थांबला. खोलीभर ते तीन सूर नुसते लोंबकळत राहिले. ड्रमवाला आपला मागे संथ चालतोय, आणि हा हॅट सारखी करतोय. पूर्ण दोन घरं त्याने काहीच वाजवलं नाही. आणि मग चौथा सूर लावला. मी "वाहवा!" म्हणून ओरडलो. मराठीत. कुणाचं काही अडलं नाही.

आणखी एक तक्रार. ऐकणाऱ्यांत काळी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. हे गाणं या भागातलं नाहीच. ते शहराच्या दक्षिणेकडचं आणि पश्चिमेकडचं, कामगारवस्तीचं. 1910 पासून पुढच्या साठ वर्षांत साठ लाखांच्या आसपास काळी माणसं दक्षिणेतली कापसाची शेतं सोडून उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शहरांत गेली. मिसिसिपीची माणसं इलिनॉय सेंट्रल रेल्वेत बसून शिकागोला उतरली. मडी वॉटर्स हा त्यांतलाच, 1943 साली आला. दिवसा कागदाच्या कारखान्यात काम करायचं, ट्रक चालवायचा, रात्री गायचं. गावाकडची साधी गिटार शहराच्या गोंगाटात ऐकू येईना, म्हणून त्याने विजेची घेतली. हा सगळा दणदणाट त्यातून जन्मला. रविवारी मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात वादक शेजारच्या घराच्या खिडकीतून विजेची वायर ओढून घ्यायचे आणि रस्त्यावर वाजवायचे. विद्यापीठाला जागा हवी म्हणून 1994 साली तो बाजार तिथून उठवला. आता आमच्यासारखे पाहुणे पंधरा डॉलर देऊन शिक्का मारून घेतात. संगीतबारीतली लावणी वातानुकूलित नाट्यगृहात आली आणि पहिल्या रांगेत डॉक्टर-वकील सहकुटुंब बसायला लागले, त्यातलाच हा प्रकार. हे अस्सल की दिखाऊ, यावर मी साप्ताहिकात दोन लेखांक सहज पाडले असते. पण बादली भरत होती, आणि ती भरलेली त्या पाचजणांना हवी होती, हेही मला दिसत होतं.

चिरंजीव मला ही माहिती सांगत होते आणि माझं लक्ष उडालं होतं. कापूस, गाडी, कारखाना, आणि शनिवारची रात्र. हे सगळं मला माहीत होतं.

आमचे अण्णा सातारा जिल्ह्यातून मुंबईला आले ते गिरणीत, साचेखात्यात. लालबागला दहा बाय दहाची खोली, तीत तीन पाळ्यांची तीन कुटुंबातली माणसं. अण्णा ढोलकी वाजवायचे. पगाराच्या शनिवारी चाळीच्या गच्चीवर फड बसायचा. अण्णा भाऊ साठ्यांची ती गावाकडे राहिलेल्या मैनेची छक्कड निघाली की दिवसभर साच्याच्या खडखडाटाने बहिरी झालेली माणसं रडायची. हे ब्लूजच होतं, फक्त त्याला कुणी तसं म्हटलं नाही. मी कॉलेजात गेलो, दादरच्या मैफिली ऐकायला लागलो, आणि एके दिवशी अण्णांना म्हणालो, "तुमची ढोलकी म्हणजे हलकं काम हो. त्यात शास्त्र नाही." अण्णा काही बोलले नाहीत. 1982 च्या जानेवारीत संप झाला, अडीच लाख माणसं घरी बसली, आणि त्यातली बरीचशी परत कामावर गेलीच नाहीत. अण्णा गावी गेले. ढोलकी खुंटीला लागली ती लागलीच. आमच्या चाळीपासून थोड्याच अंतरावर, लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात पुढे 2007 साली ब्ल्यू फ्रॉग नावाचा क्लब निघाला. तिथे जाझ आणि ब्लूज वाजायचं. 2016 साली तोही बंद झाला. मी एकदाही गेलो नाही. मला ते हलकं वाटायचं.

तिसऱ्या डावाआधी म्हातारा सोड्याचा ग्लास घेऊन टेबलाटेबलाशी हात मिळवत आमच्यापर्यंत आला. माझ्या झब्ब्याकडे पाहून म्हणाला, "कपडे फक्कड आहेत." तीस वर्षं शहराची बस चालवली, आता निवृत्त, शनिवारी इथे वाजवतो, असं त्याने सांगितलं. मग विचारलं, "तुम्ही काय वाजवता?"

मी 'समीक्षक' याला इंग्रजीत सभ्य शब्द शोधत होतो. तेवढ्यात सौ. म्हणाली, "ह्यांचे वडील ढोलक वाजवत. गिरणीत होते." लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. मी ही गोष्ट चारचौघांत कधी सांगितली नव्हती आणि तिनेही नाही.

म्हाताऱ्याने हॅट मागे सारली. "कसं वाजायचं ते? दाखवा."

टेबल होतंच. मी बोटं टेकवली. अण्णा फड उघडताना जो तुकडा वाजवायचे तो मी लहानपणी हजारदा ऐकलेला. पहिल्या तीन मात्रा आल्या. म्हातारा मान हलवत होता, त्याने ग्लासवर अंगठीने दोनवर टोला द्यायला सुरुवातही केली. आणि मला पुढचं आठवेना. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथेच अडलं. तीनतालाचे कायदे, परण, चक्रदार, सगळं आठवत होतं. अण्णांची चौथी मात्रा नाही. म्हाताऱ्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, "आठवेल," म्हणाला, आणि कामावर गेला.

परतताना गाडीत कुणी बोललं नाही. सौ. मांडीवर दोन-चारचा ठेका धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मी गावी धाकट्या भावाला फोन लावला. तिकडे रात्रीचे नऊ. मी विचारलं, अण्णांची ढोलकी आहे का रे अजून?

"माळ्यावर आहे," तो म्हणाला. "पुड्या उंदरांनी खाल्ल्या. खोड शाबूत आहे. का रे?"

"आणि फड उघडताना वाजवायचे तो तुकडा? तुला येतो का?"

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, लाइन गेली. मग टेबलावर की पाटावर, कशावर तरी, थापा ऐकू यायला लागल्या. एक, दोन, तीन. आणि तिथेच थांबल्या.

"थांब हं," भाऊ म्हणाला, "शेजारच्या तात्यांना विचारून येतो. ते असायचे फडात. फोन ठेवू नकोस."

मी फोन ठेवला नाही. मनगटावरचा शिक्का दोनदा साबण लावूनही गेला नव्हता, तो चोळत बसलो. सौ. चहा घेऊन आली, शिक्क्याकडे बघून म्हणाली, "पुढच्या शनिवारी पुन्हा मारायचाच आहे की. कशाला घासताय?"